जवानाच्या मनाला धोका नेमका कधी असतो?

सैनिकाच्या आत्महत्येची बातमी वाचली की आपल्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा सीमाच येते. लढाईनं मन खचलं असणार, असं आपण धरूनच चालतो. इराक आणि अफगाणिस्तानच्या युद्धकाळात अमेरिकी सैन्यातल्या आत्महत्या वाढू लागल्या, तेव्हा तिथंही अनेकांना असंच वाटलं होतं. मग 2009 मध्ये ‘आर्मी स्टार्स’ हा प्रचंड अभ्यास सुरू झाला आणि त्यातून वेगळंच चित्र पुढं आलं.

2004 ते 2009 या काळात आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या बिगर-अधिकारी सैनिकांपैकी सुमारे 61 टक्के जण कधी युद्धभूमीवर गेलेच नव्हते. त्यांच्यात सर्वाधिक धोका दिसला तो नोकरीच्या दुसऱ्या महिन्यात. म्हणजे ऐन प्रशिक्षणात, घर सुटलेलं आणि नवे सोबती अजून आपले झालेले नसताना. युद्धावर गेलेल्यांत हा धोका तैनातीच्या सहाव्या महिन्यात, तर परतलेल्यांत घरी आल्यावर पाचव्या महिन्यात सर्वांत जास्त होता. स्वागत-सत्कार उरकल्यावर घरच्यांनाही वाटतं, आता सगळं ठीक आहे. लक्ष ठेवायचं ते नेमकं तेव्हाच, असं मला हे आकडे पाहून वाटतं.

लढाईचे घाव मनावर राहतच नाहीत, असा याचा अर्थ नाही. पण दीड लाखाहून अधिक अमेरिकी सैनिकांची माहिती तपासणाऱ्या, 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासातही तैनातीचा आत्महत्येशी थेट संबंध सापडला नाही. संबंध सापडला तो नैराश्याशी, बायपोलर आजाराशी आणि दारूच्या व्यसनाशी. हे तिन्ही ओळखता येतात आणि तिन्हींवर उपचार आहेत.

बचाव कशानं होतो, याचं सर्वांत ठळक उदाहरण इस्रायलचं. तिथले सक्तीच्या सेवेतले तरुण सैनिक साप्ताहिक सुट्टीला (तिथं ती शुक्रवार-शनिवारी असते) घरी जाताना शस्त्र सोबत नेत. 2006 मध्ये ते तळावरच ठेवून जाण्याचा नियम झाला आणि आत्महत्यांचं प्रमाण जवळपास 40 टक्क्यांनी उतरलं. ही घट सुट्टीच्या दिवसांतली होती, इतर दिवसांच्या आकड्यांत फारसा फरक पडला नाही. ‘ज्याला करायचंय तो दुसरा मार्ग शोधतोच’ हे आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं, ते किती चुकीचं आहे पाहा! मनातली ती लाट बहुतेक वेळा ओसरते. तेवढा वेळ साधन हाताशी नसलं, तर जीव वाचतो.

अमेरिकेत फोर्ट कार्सनच्या तळावर 152 सैनिकांवर झालेला प्रयोगही सांगायला हवा. थोड्याच बैठकांची, खास आत्महत्येच्या विचारांवर बेतलेली वर्तनोपचार पद्धत ज्यांना मिळाली, त्यांच्यात पुढच्या दोन वर्षांत पुन्हा प्रयत्न होण्याची शक्यता सुमारे 60 टक्क्यांनी कमी झाली. या उपचारात सैनिक एका छोट्या कार्डावर स्वतःच्या हातानं लिहितो: मन बिघडायला लागलं की काय जाणवतं, तेव्हा काय करायचं, कुणाला फोन लावायचा.

आपल्या सैन्यदलांत पाच वर्षांत 819 जवानांनी आत्महत्या केल्याचं सरकारनं जुलै 2022 मध्ये राज्यसभेत सांगितलं. गावाकडचा जमिनीचा वाद, घरातली भांडणं, कर्ज हे सगळं फोनवरून बराकीत पोचतं आणि रजा मिळेपर्यंत माणूस आतल्या आत कुढत राहतो. डॉक्टरकडे गेलो तर ‘लो मेडिकल कॅटेगरी’, म्हणजे प्रकृतीनं पूर्ण सक्षम नसल्याचा शेरा लागेल, बढती हुकेल, या भीतीनं तो बोलत नाही. ही भीती घालवणं युनिटच्या अधिकाऱ्यांच्या हातात आहे. शेजारच्या खाटेवरच्या ‘बडी’ला तर झोप उडालेली, जेवण तुटलेलं सगळ्यात आधी कळतं. ‘जीव द्यावासा वाटतोय का?’ असं त्यानं सरळ विचारावं. विचारल्यानं तो विचार मनात रुजत नाही, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे.

घरच्यांनी आणि जवानांनी 14416 हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक फोनमध्ये आजच जतन करावा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येतं. सैन्यदलांसाठी त्याचा खास कक्ष डिसेंबर 2023 मध्ये पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे आपल्या ‘एएफएमसी’त सुरू झाला आहे.