सराव-संगीन

सराव-संगीन : बंदुकीला संगीन लावून दोघांनी समोरासमोर खेळण्याच्या, म्हणजेच संगीनबाजीच्या, शिक्षणात वापरले जाणारे बिनधोक हत्यार. लाकडी बंदूक, नळीत सरकता गज बसवलेली स्प्रिंग-बंदूक, लवचिक पात्याची संगीन आणि दोन्ही टोकांना गाद्या बांधलेला दंडुका हे त्याचे मुख्य प्रकार. पेंढा भरलेल्या पोत्यात खरी संगीन खुपसण्याचा सराव येथे विचारात घेतलेला नाही. पोते उलट वार करत नसल्याने तेथे निराळ्या हत्याराची गरज पडत नाही. मराठी वाचकाला बोथाटीवरून ही कल्पना चटकन येईल. फाळाच्या जागी कापडाचा गोळा बांधलेला तो सरावाचा भाला. गोळ्याला रंग लावला की वार कुठे लागला याचा वाद उरत नाही.

‘संगीन’ या शब्दाच्या व्युत्पत्तीबद्दल मतभेद आहेत. फार्सी ‘संग’ म्हणजे दगड. त्यावरून ‘संगीन’ म्हणजे दगडी, जड, भक्कम. हा विशेषणाचा अर्थ मराठीत ‘संगीन बांधकाम’ अशा प्रयोगांत टिकून आहे. मात्र या विशेषणावरून टोकदार शस्त्राचे नाव कसे पडले, याचा उलगडा त्यातून नीट होत नाही. म्हणून काहीजण हा शब्द ‘सांग’ या अखंड लोखंडी भाल्याच्या नावाशी जोडतात. संगीन लावलेली बंदूक म्हणजे अखेर आखूड भालाच, त्यामुळे अर्थाच्या दृष्टीने हे मत अधिक पटते. परंतु शब्दाची घडण उघडपणे फार्सी आहे, तेव्हा पहिले मत अगदीच टाकून देता येत नाही. यूरोपीय ‘बायोनेट’ची गतही फारशी वेगळी नाही. फ्रान्समधील बायोन गावाशी त्याचा संबंध सर्वत्र सांगितला जातो. तथापि कॉटग्रेव्हच्या १६११ च्या फ्रेंच-इंग्रजी कोशात या शब्दाचा अर्थ चपटा खंजीर किंवा कमरेला लटकवण्याचा मोठा सुरा असा दिलेला आहे. बंदुकीशी त्याची गाठ नंतर, बहुधा १६४० च्या दशकात पडली.

आरंभीची संगीन दट्ट्यासारखी नळीच्या तोंडात खुपसत, त्यामुळे ती लावल्यावर बार काढता येत नसे. १६८९ मध्ये स्कॉटलंडमधील किलिक्रँकीच्या लढाईत सरकारी शिपाई संगिनी बसवत असतानाच डोंगरी स्कॉट त्यांच्यावर येऊन कोसळले. नळीवर बाहेरून चढणारी, कोपरासारख्या वाकाची संगीन याच सुमारास प्रचारात आली. तिचे पाते नळीच्या एका बाजूला राहत असल्याने ती लावलेली असतानाही बंदूक भरता व झाडता येई. हा वाक पुढे सराव-शस्त्रांच्या रचनेत अडचणीचा ठरला.

अठराव्या शतकातील कवायतीत संगीन पुढे करणे, रोखणे, मागे घेणे हे हुकुमावर चाले. जोडीदाराशी खेळणे त्यात जवळजवळ नव्हते आणि म्हणून सराव-शस्त्रही नव्हते. संगीनबाजीला तलवारीच्या पट्टेबाजीप्रमाणे रीतसर शास्त्र बनवण्याचे श्रेय बहुधा सॅक्सनीचा कप्तान एडुआर्ट फोन झेल्मनिट्स याला दिले जाते (ग्रंथ १८२५). लंडनमध्ये अँथनी गॉर्डनचा तलवार, संगीन व भाला यांवरील ग्रंथ त्याआधीच, १८०५ मध्ये निघाला होता. केवळ कालक्रम पाहिला तर मान गॉर्डनचा. परंतु पलटणींत शिकवली जाणारी परंपरा सॅक्सनीपासून धरणे अधिक सयुक्तिक वाटते. फ्रान्समध्ये पिनेट व गोमार यांनी ती वाढवली. गोमारच्या पद्धतीवर बेतलेली नियमपुस्तिका जॉर्ज मॅक्लेलन याने १८५२ मध्ये अमेरिकी सैन्यासाठी तयार केली. इंग्लंडमध्ये १८५० च्या दशकात हेन्री अँजेलोची कवायत लष्कराने स्वीकारली. १८५३ मध्ये याच विषयावर पुस्तक लिहिणारा रिचर्ड बर्टन हा मुंबई सैन्याच्या अठराव्या नेटिव्ह पलटणीतला अधिकारी होता. मराठीची परीक्षाही त्याने दिली होती. या पुस्तकाबद्दल सरकारने त्याला एक शिलिंग मंजूर केल्याची हकिकत सांगतात.

दोन माणसे एकमेकांवर खरोखर भोसके मारू लागल्यावर हत्याराचा प्रश्न उभा राहिला. संगीन लावलेल्या बंदुकीचे वजन चार-साडेचार किलोच्या घरात जाते. दोन्ही हातांनी, अंगाचा भार देऊन केलेला तिचा भोसका बोथट टोकानेही बरगडी मोडू शकतो. टोकाला नुसती गोळी बसवण्याचा पट्टेबाजीच्या तलवारीचा उपाय येथे पुरेसा नव्हता. टोक मऊ करावे, पाते लवचिक करावे किंवा ते आत सरकेल असे करावे, असे तीन मार्ग निघाले. लवचिक पात्यासाठी अमेरिकेत देवमाशाच्या तोंडातील पट्ट्या (व्हेलबोन) वापरल्या गेल्या; अशा पात्याच्या टोकाला चामड्याची गादी असे.

तिसऱ्या मार्गातून स्प्रिंग-बंदूक आली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ती जर्मनी, ब्रिटन इत्यादी देशांत प्रचारात होती. पुष्कळदा निकामी ठरवलेल्या रायफलींतूनच ती बनवीत. नळीत वेटोळी स्प्रिंग, तिच्यापुढे पोलादी गज, गजाच्या टोकाला रबर किंवा चामड्याचा गोंडा. गोंडा तळहातावर टेकवून बंदूक पुढे रेटली की गज आत जातो आणि स्प्रिंगचा जोर मनगटापर्यंत जाणवतो. सरळ लागलेला भोसका ही रचना चांगला झेलते. तिरका लागला तर मात्र गज नळीच्या कडेला घासून अडतो आणि धक्का तसाच पुढे जातो. दुसरा दोष अधिक मूलभूत आहे. खऱ्या संगिनीचे पाते नळीच्या बाजूला असते, गज मात्र नळीच्या आसातूनच बाहेर येतो. संगिनीच्या वाकाच्या कोपरात शत्रूचे पाते अडकवून बाजूला सारणे ही जुन्या ग्रंथांतील महत्त्वाची रोक (वार अडवण्याची कृती), पण गजावर ती साधत नाही. शिवाय नळीच्या तोंडाशी लटकणारे पाव ते अर्ध्या किलोचे वजन नसल्याने हत्यार खऱ्याहून चपळ भासते. स्प्रिंग-बंदुकीवर तयार झालेला खेळाडू भोसक्यात तरबेज आणि रोकेत कच्चा राहतो, ही तक्रार निराधार म्हणता येणार नाही. लंडनच्या रॉयल टूर्नामेंट या लष्करी खेळांच्या मेळाव्यात संगीन विरुद्ध संगीन, तलवार विरुद्ध संगीन असे सामने होत.

पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी पाच-साडेपाच फुटी हलकी काठी वापरली. तिच्या एका टोकाला कडे, दुसऱ्याला गादी. शिक्षक कडे पुढे करी तेव्हा शिपायाने त्यातून संगीन घालायची आणि गादी पुढे आली की तो वार परतवायचा. अमेरिकेत १९४२ च्या सुमारास गादीचा दंडुका (प्युजिल स्टिक) आला. त्याचे जनकत्व सामान्यतः आर्मंड सायडलर यांच्याकडे जाते. त्याला टोक नाही, त्यामुळे त्यावर दस्त्याचे (बंदुकीच्या मागच्या लाकडी भागाचे) फटके आणि धीटपणा शिकता येतो, नेम नव्हे.

जपानमध्ये १८७० च्या दशकात फ्रेंच शिक्षकांनी संगीनबाजी आणली. शतकाच्या अखेरीस तिला देशी भालाविद्येचे, मुख्यतः होझोइन परंपरेचे वळण मिळाले. तेथील सराव-शस्त्र ‘मोकुजू’ म्हणजे १६६ सेंमी. लांबीची लाकडी बंदूक. तिचे टोक रबराने मढवलेले असते. ती लवत नाही की आत सरकत नाही. धक्का झेलण्याचे काम हत्याराऐवजी चिलखताकडे दिलेले आहे. त्यासाठी केंडोच्या (जपानी तलवारबाजीच्या) चिलखतात डाव्या छाती-खांद्यावर जादा गादी घालतात. १९४५ नंतर बंद पडलेला हा प्रकार ‘जूकेंडो’ या नावाने चालू असून त्याचा राष्ट्रीय महासंघ १९५६ चा आहे. २०१७ मध्ये शालेय अभ्यासक्रमात त्याचा उल्लेख आल्यावर जपानमध्ये बराच वाद झाला.

अलीकडे यूरोप-अमेरिकेत जुन्या ग्रंथांवरून ऐतिहासिक शस्त्रविद्या पुन्हा उभी करणारे गट संगीनबाजीकडेही वळले आहेत. जुन्या स्प्रिंग-बंदुका आता जपण्याच्या वस्तू झाल्याने लाकडी दस्त्यावर रबरी किंवा नायलॉनचे लवचिक पाते बसवण्याकडे कल आहे. पात्याचा बाजूचा वाक अशा हत्यारांत राखता येतो, त्यामुळे जुनी रोक पुन्हा करून पाहता येते. रबर फार मऊ असेल तर मात्र रोकेला टेकूच मिळत नाही. पट्टेबाजीच्या जाळीदार मुखवट्याखालचे गळ्यावरचे कापड ३५० किंवा १६०० न्यूटनच्या (न्यूटन हे बलाचे एकक) कसोटीचे असते. ही मोजमापे हलक्या तलवारींसाठी ठरलेली असल्याने संगीनबाजीत निदान वरच्या प्रतीचा मुखवटा, कडक गळपट्टा आणि छातीला ढाल घालावी लागते. दस्त्याचा फटका अनेक ठिकाणी नुसता दाखवून थांबवतात.