पंधरा अंशांची अट

जानेवारीतली सकाळ. भावाच्या नव्या घरात स्लॅबखाली, टेकूंच्या गर्दीत मी वाकून उभा होतो. गाव ठाणे, मुंबईजवळचं नव्हे, गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातलं. त्या दिवसांत म्हादईच्या खोऱ्यातलं धुकं नऊ वाजेपर्यंत हलायचं नाव घेत नाही. घराभोवती काजू, फणस आणि एक जुना आंबा, त्यामुळे अंगणात ऊन पोचायलाच दहा वाजतात. स्लॅब घालून ७ दिवस झाले होते आणि मेस्ताला, म्हणजे आमच्या गवंड्याला, सेंट्रिंगचं सामान (टेकू आणि फळ्या) दुसऱ्या कामावर न्यायचं होतं.

"मास्तर, सात दिवस झाले. चार मीटरचा तर गाळा. टेकू काढायला हरकत नाही."

मेस्ताचं पाठांतर चुकलेलं नव्हतं. काँक्रीटच्या कामाचं भारतीय मानक म्हणजे आयएस ४५६. त्याच्या २००० सालच्या आवृत्तीत ४.५ मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या, म्हणजे दोन आधारांमधल्या अंतराच्या, स्लॅबचे टेकू ७ दिवसांनी काढता येतात, त्याहून मोठ्या गाळ्याचे १४ दिवसांनी. पण या आकड्यांच्या आधी एक वाक्य आहे आणि नेमकं तेच पाठांतरातून गळून पडतं. सिमेंट साधं पोर्टलंड असेल, पाणी नीट मारलेलं असेल आणि हवेचा पारा १५ अंशांखाली जात नसेल, तरच हे दिवस धरायचे. त्या पहाटे माझ्या थर्मामीटरने १४ दाखवले होते.

काँक्रीटला थंडी वाजते म्हटलं की गोव्यात लोक हसतात. मेस्तही हसला. भाऊ मात्र वरच्या पृष्ठभागावरून हात फिरवत विचारत होता, "पण सुकलाय ना तो?"

अडचण या 'सुकलाय' शब्दातच आहे. चिखल सुकतो, शेणाने सारवलेली जमीन सुकते, कारण त्यातलं पाणी उडून जातं. काँक्रीट घट्ट होतं ते पाणी आत बांधून घेतल्यामुळे. सिमेंट म्हणजे चुनखडी आणि माती सुमारे १४५० अंशांवर भाजून केलेल्या गोट्यांची पूड, त्यात थोडं जिप्सम. पाणी लागलं की तिच्यातली कॅल्शियम सिलिकेटं विरघळू लागतात आणि त्यांतून नवाच पदार्थ जन्मतो: कॅल्शियम, सिलिका आणि पाणी यांचा अतिसूक्ष्म, एकमेकांत गुंतलेला गोंद. रेती, खडी आणि सळया यांना धरून ठेवतो तो हाच. ही रासायनिक क्रिया आहे आणि पाणी संपलं की ती थांबते. म्हणजे स्लॅब खरोखरच सुकला, तर तो अर्धवट कच्चाच राहिला असं समजायचं.

या क्रियेतून उष्णताही निघते. स्लॅब घातल्या रात्री त्याच्यावर तळहात ठेवून पाहा, ऊब लागते. साध्या पोर्टलंड सिमेंटचा एक किलो पहिल्या आठवड्यात ३०० किलोज्यूलच्या आसपास उष्णता सोडतो. ५० किलोच्या पोत्याचा हिशेब केला तर ४ युनिट विजेहून थोडी जास्त होते. आपल्या हवेतलं ५० लिटर पाणी उकळीपर्यंत नेता येईल इतकी! ती हळूहळू निघते आणि हवेत विरून जाते, म्हणून आपल्याला जाणवत नाही.

आता थंडीचा प्रश्न. रासायनिक क्रिया गारव्यात मंदावतात. किती, याचा एक ढोबळ पण उपयोगी हिशेब आहे. १९५०च्या सुमारास ब्रिटनमध्ये काँक्रीटच्या 'परिपक्वते'चं सूत्र मांडलं गेलं: तापमानात १० मिळवा आणि दिवसांनी गुणा. उणे १० अंशांना क्रिया जवळजवळ ठप्प होते, म्हणून मोजणी तिथून सुरू. आपल्याकडे प्रयोगशाळेत काँक्रीटचे ठोकळे २७ अंशांवर ठेवतात. तिथे दिवसाला ३७ गुण मिळतात, ७ दिवसांचे २५९. ठाण्यात पहाटे १४ असले तरी दुपारी ३०-३१ होत होते. सरासरी २२ धरा. दिवसाला ३२ गुण, म्हणजे २५९ गाठायला ८ दिवस आणि काही तास.

गणित झालं आणि मी थोडा वरमलो. ज्या थंडीसाठी मी हुज्जत घालत होतो, तिची किंमत उणीपुरी एका दिवसाची होती. मग माझी नजर कोपऱ्यातल्या रिकाम्या पोत्यांकडे गेली. त्यांवर पीपीसी छापलेलं होतं, राख मिसळलेलं सिमेंट. आपल्या बाजारात सहज मिळतं ते बहुधा हेच. वाईट मुळीच नाही. पुढे जाऊन त्याचं काँक्रीट जास्त दाट होतं, कारण सिमेंटच्या क्रियेतून उरलेल्या चुन्याला धरून ती राखही गोंद बनवते. पण ते काम ती सावकाश करते, आणि गारव्यात आणखी सावकाश. मानकाची पहिलीच अट साध्या पोर्टलंडची होती. टेकू राहू द्यायला कारण होतं ते हे. मी चुकीच्या कारणासाठी बरोबर ठरलो, असं मेस्ताला सांगितलं नाही एवढंच.

खरी थंडी काय करते ते माझ्या आतेभावाला विचारावं. तो अमेरिकेत मिनेसोटा राज्याच्या उत्तर भागात, डुलूथ शहराबाहेर झाडीत राहतो. तिथे जानेवारीची सरासरीच उणे १२ अंशांच्या घरात असते. त्याने नोव्हेंबरात गॅरेजची जमीन घालायला घेतली तेव्हा रोज फोन व्हायचे. ५ अंशांवर आपल्या सूत्राने दिवसाला १५ गुण पडतात. आमचे ७ दिवसांचे २५९ गुण मिळवायला तिथे १७ दिवस लागतील. पण उशिराचं दुःख त्याला नव्हतंच. ताजं काँक्रीट गोठलं तर काय, ही धास्ती होती. पाण्याचा बर्फ होताना आकारमान ९ टक्क्यांनी वाढतं. गोंद अजून धरलेला नसताना आत बर्फाचे स्फटिक वाढले की ते त्याला फाडतात. पुढे बर्फ वितळला तरी त्या चिरा राहतात आणि काँक्रीटची निम्मी ताकद कायमची जाऊ शकते. एकदा दर चौरस मिलिमीटरला साधारण ३.५ न्यूटनची ताकद आली, की मग एखाद्या वेळचं गोठणं ते सोसतं. म्हणजे सगळी धडपड पहिल्या एक-दोन दिवसांची.

त्याने कालवायला गरम पाणी वापरलं आणि काँक्रीटवर जाड गोधड्यांसारखी पांघरुणं घातली. मघाची ती ५० लिटर पाणी उकळणारी ऊब आठवा: शेकोटी पोत्यातच असते, ती फक्त उडू द्यायची नाही. बंद छताखाली धुराड्याविना शेगडी पेटवणं मात्र नुकसानीचं, कारण तिचा कार्बन डायऑक्साइड ताज्या पृष्ठभागातल्या चुन्याला खातो आणि वरचा थर भुकटीसारखा होतो.

पाया तर त्याला ५ फूट खाली न्यावा लागला. मिनेसोटाच्या उत्तर भागात नियमच तसा आहे. आपल्याकडे चिऱ्याचा कातळ लागला की दोन-अडीच फुटांवर काम भागतं, म्हणून मला ते उधळेपण वाटलं. पण तिथली जमीन हिवाळ्यात उचलली जाते. मातीतलं पाणी गोठून फुगतं म्हणून, असं मी समजत होतो. ती गोष्ट अर्धीच. गोठणारा थर खालच्या ओल्या मातीतून पाणी वर ओढत राहतो आणि बर्फाच्या चकत्या जाड होत जातात. १९३०च्या सुमारास अमेरिकन भूवैज्ञानिक स्टीफन टेबर यांनी हे मोठ्या चतुराईने दाखवलं. त्यांनी माती पाण्याऐवजी बेन्झीनने भिजवून गोठवली. बेन्झीन गोठताना आकुंचन पावतं, तरीही माती वर उचलली गेली!

तिथली काँक्रीटमध्ये मुद्दाम हवा घालण्याची पद्धतही अशीच विचित्र वाटते. डोळ्यांना न दिसणारे अब्जावधी बुडबुडे, एकूण आकारमानाच्या ५-६ टक्के. गोठताना दाबलेल्या पाण्याला शिरायला या जागा. १९३०च्या दशकात अमेरिकेतल्या रस्त्यांवरून ही युक्ती सापडली: काही सिमेंटचे रस्ते बर्फात टिकत होते, आणि त्या सिमेंटमध्ये दळताना चरबीसारखा पदार्थ मिसळला गेला होता, त्यानेच फेस धरलेला. पण हे औषध त्या हवेचं. दर टक्का हवेमागे साधारण ५ टक्के ताकद कमी होते. परदेशी व्हिडिओ पाहून मेस्ताला नवनवी रसायनं आणायला सांगणारे घरमालक वाढलेत, म्हणून सांगतो. कॅल्शियम क्लोराइडचं तर नावही काढू नये. थंडीत काँक्रीट लवकर धरावं म्हणून ते घालत आलेत, आणि त्यातला क्लोराइड सळया खातो. खाऱ्या हवेच्या गोव्यात तो विकत आणून आत घालायचा म्हणजे चोराला किल्ली देणं.

सत्तरी आणि डुलूथ यांचा काही संबंध नाही असं वाटत असेल, तर आयएस ४५६ मधला हवामानाचा तक्ता पाहावा. 'तीव्र' या वर्गात जोरदार पाऊस, आलटून पालटून भिजणं-सुकणं, समुद्रकिनाऱ्याची हवा, आणि त्यांच्याच रांगेत ओल्या अवस्थेत अधूनमधून गोठणं. त्याच्या वरच्या वर्गात समुद्राच्या पाण्याचे शिंतोडे आणि कडक गोठण, पुन्हा शेजारी-शेजारी. बर्फ आणि खारं पाणी एकाच पंगतीत का बसवले असतील?

कारण दोघेही शिरतात एकाच वाटेने. सिमेंटला गोंद बनवायला त्याच्या वजनाच्या साधारण ४० टक्के पाणी पुरतं. त्याहून जास्त घातलेलं पाणी कशातच बांधलं जात नाही. ते पुढे निघून जातं आणि मागे केसांहून बारीक नळ्यांचं जाळं उरतं. डुलूथमध्ये त्या नळ्यांत बर्फ धरतो. आपल्याकडे त्यांतून क्लोराइड आणि कार्बन डायऑक्साइड सळईपर्यंत पोचतात. तीव्र वर्गासाठी मानक सांगतं: सळयांचं काँक्रीट किमान एम ३० (म्हणजे २८ दिवसांनी दर चौरस मिलिमीटरला ३० न्यूटन ताकदीचं), घनमीटरला किमान ३२० किलो सिमेंट, आणि पाणी सिमेंटच्या ०.४५ पटीहून जास्त नाही. पोत्याला साडेबावीस लिटर. यात रेतीतलं पाणीही आलं. पोत्यामागे ८० किलो रेती पडत असेल आणि ती ५ टक्के ओली असेल, तर ४ लिटर पाणी मोजण्याआधीच घमेल्यातून गेलेलं असतं. वर मिक्सरवाल्याला कुणीतरी ओरडतोच, "पाणी सोड रे थोडं, ओढत नाही!" हलकं पडतं, भराभर पसरतं, सगळे खूश. कमी पाण्याचं काँक्रीट थरथरवून बसवणारा व्हायब्रेटर नीट फिरवायला दहा मिनिटं जास्त लागली असती, इतकंच.

चांगल्या काँक्रीटमध्ये सळई गंजत नाही, कारण चुन्यामुळे आतला सामू (पीएच) १२.५ च्या वर असतो आणि पोलादावर एक संरक्षक पापुद्रा टिकतो. कार्बन डायऑक्साइड तो सामू उतरवतो, क्लोराइड थेट पापुद्रा फोडतो. मग गंज धरतो, आणि गंजाला मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा लागते. जुन्या स्लॅबच्या तळाचे पोपडे पडतात ते यामुळे. मांडवीवरचा १९७० साली सुरू झालेला पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला, तेव्हा या विषयाची ओळख गोव्याला कडू रीतीने झाली. खाऱ्या हवेत गंजलेलं पोलाद हे त्यामागचं मोठं कारण मानलं गेलं. पूल अवघा १६ वर्षांचा होता.

सळईखालचे कव्हर ब्लॉक, म्हणजे सळईवर काँक्रीटचं ठरावीक जाडीचं आवरण राहावं म्हणून ठेवायचे ठोकळे, मात्र अजूनही कुणी गंभीरपणे घेत नाही. कार्बन डायऑक्साइड आत जातो तो काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. म्हणून वरचं आवरण २० ऐवजी ४० मिलिमीटर ठेवलं तर त्याला सळईपर्यंत पोचायला दुप्पट नव्हे, चौपट वर्षं लागतात. गिट्टीचा तुकडा सळईखाली सरकवून भागवणाऱ्याने हे गणित एकदा करावं.

राहिलं पाणी मारणं. मानक साध्या सिमेंटला किमान ७ आणि पीपीसीसारख्या मिश्र सिमेंटला किमान १० दिवस सांगतं. सावलीतल्या गार घराची मेख अशी, की पहाटे दवाने स्लॅब ओला दिसतो आणि माणूस निर्धास्त होतो. दुपारपर्यंत मतलई वारा त्यावरून कोरडाच वाहतो, नव्या पृष्ठभागावर बारीक चिरा पडतात. आम्ही कडेला सिमेंटचे छोटे बांध घालून पाणी साठवलं. त्यात पडणारी काजूची पानं रोज काढावी लागली, नाहीतर तपकिरी डाग उठतात.

टेकू निघाले १४व्या दिवशी, मधून कडेकडे, मेस्ताच्या हिशेबाने नव्हे आणि खरं तर माझ्याही नव्हे. तळ गुळगुळीत आला होता. फक्त एका फळीच्या रुंदीचा पट्टा नखाने खरवडला तरी पीठ पडत होतं. बाकी फळ्या जुन्या, तेल पाजलेल्या. ही एक कमी पडली म्हणून आंब्याची ताजी चिरून आणलेली, तेलाविना बसवलेली. ताज्या लाकडातली साखर ओल्या काँक्रीटमध्ये उतरते, आणि साखर म्हणजे सिमेंटच्या क्रियेला लगाम. पोत्याला २५ ग्रॅमच साखर गेली तरी धरायला काही तास उशीर होतो, १०० ग्रॅमच्या पुढे तर ते धरण्याची खात्रीच नाही. काजूच्या हंगामात बोंडांच्या रसाची बादली न धुता कालवणाच्या पाण्याला वापरू देत नाही मी, ते यासाठीच.

मेस्ताने पट्ट्यावर तारेचा ब्रश मारला. आत मिलिमीटरभरावर काँक्रीट टणक लागलं. भुकटी झाडली, आणि महिनाभराने तो पट्टा प्लास्टरखाली गेला.