पॅनेलमागची चार बोटं हवा

ध्वनिशोषक पॅनेल घेताना लोक रंग बघतात, कापड बघतात, फार तर जाडी विचारतात. ते भिंतीवर कसं लावायचं हा प्रश्न मात्र सुतारावर सोडला जातो, आणि सुतार ते भिंतीला घट्ट चिकटवून मोकळा होतो. दिसायला काम अगदी नीटनेटकं दिसतं. पण आवाजाच्या दृष्टीने, निदान खालच्या स्वरांपुरतं तरी, पॅनेलला खोलीतली सगळ्यात निरुपयोगी जागा मिळालेली असते.

असं का, हे कळण्यासाठी आवाज जिरतो कुठे ते पाहायला हवं. हवेतून आवाज जातो तेव्हा हवा जागच्या जागी पुढे-मागे हलते आणि तिचा दाब कमी-जास्त होत राहतो. ग्लासवूल, रॉकवूल, पॉलिस्टरचे दाबलेले तंतू किंवा उघड्या छिद्रांचा फोम यांच्या आत बारीक वाटांचं दाट जाळं असतं. हलणारी हवा त्यातून घासत जाते आणि घर्षणात आवाजाची ऊर्जा उष्णतेत बदलते. (पॅनेल गरम होईल ही भीती नको. साध्या बोलण्यातली ध्वनिऊर्जा सेकंदाला एका ज्यूलच्या लाखाव्या भागाच्या आसपास असते.) थोडक्यात, हवा हलते तिथेच पॅनेलला काम मिळतं. जिथे नुसता दाब वर-खाली होतो तिथे घर्षण नाही, आणि घर्षण नाही म्हणजे शोषणही नाही.

आणि भिंतीला अगदी लागून असलेली हवा हलू शकत नाही, कारण पुढे भिंत आहे. तिथे दाब सर्वांत जास्त आणि हालचाल शून्य. भिंतीपासून दूर येऊ लागलो की हालचाल वाढत जाते आणि तरंगलांबीच्या एक चतुर्थांश अंतरावर ती सर्वाधिक होते. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे 343 मीटर, त्यामुळे 1000 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 1000 कंपनांच्या, स्वराची तरंगलांबी 34 सेंटिमीटर आणि तिचा चतुर्थांश साडेआठ सेंटिमीटर. 4000 हर्ट्झला हेच अंतर दोन सेंटिमीटर, 250 हर्ट्झला 34 सेंटिमीटर, आणि 100 हर्ट्झला तब्बल 86 सेंटिमीटर भरतं.

आता अडीच सेंटिमीटर जाडीचं पॅनेल भिंतीला चिकटवून बघा. ‘स’, ‘श’, ‘फ’ यांतली वरच्या वारंवारतांची सळसळ ते व्यवस्थित गिळतं. पुरुषी आवाजातला जडपणा, खुर्ची सरकल्याचा घोगरा आवाज, यंत्राची घरघर त्याला जेमतेम जाणवते. म्हणून पुष्कळदा खोली पॅनेलने मढवूनही मालक नाराज असतो: बोलणं बोदं, दबलेलं झालेलं असतं आणि खोली तरीही घुमत असते. वरचे स्वर गेले, खालचे तसेच राहिले. माझ्या मते ही अवस्था मूळच्या घुमण्यापेक्षा वाईट, कारण शब्द कळायला मदत करतात ती व्यंजनं, आणि ती बहुतेक वरच्या पट्ट्यातच असतात.

उपाय फुकटचा आहे. तेच पॅनेल भिंतीपासून थोडं पुढे धरायचं. पाच सेंटिमीटर जाडीच्या पॅनेलमागे पाच सेंटिमीटर हवा ठेवली तर खालच्या स्वरांसाठी ते दहा सेंटिमीटरच्या पॅनेलच्या जवळपास काम करतं. मागची हवा स्वतः काही शोषत नाही. ती फक्त तंतूंना अशा जागी आणून ठेवते, जिथे हवा हलत असते. मग फट वाढवतच का नेऊ नये? कारण भिंतीपासून अर्ध्या तरंगलांबीवर हालचाल पुन्हा शून्य होते. पातळ पॅनेल आणि मागे प्रचंड पोकळी असा बेत केला तर मधलेच काही स्वर निसटतात. खऱ्या खोलीत आवाज सगळ्या कोनांतून येत असल्याने हा खड्डा बराच भरून निघतो, तरी जाडीइतकी फट हा हिशोब सहसा चुकत नाही.

ही गोष्ट प्रयोगशाळांना कधीपासून माहीत आहे. शोषण मोजण्याच्या मानकांत नमुना कसा बसवला हे नोंदवणं सक्तीचं असतं. अमेरिकी मानकात ‘ए’ प्रकार म्हणजे पृष्ठभागाला थेट टेकवलेला, आणि ‘ई-400’ म्हणजे मागे 400 मिलिमीटर पोकळी, जशी लटकत्या छतांवर असते. एकाच मालाचे या दोन बसवणींत वेगवेगळे आकडे येतात. माहितीपत्रकात मात्र ठळक अक्षरांत एकच आकडा छापलेला असतो, आणि तो बहुधा ‘एनआरसी’ असतो: 250, 500, 1000 आणि 2000 हर्ट्झ या चार ठिकाणच्या शोषणांकांची (पडलेल्या आवाजाचा किती भाग शोषला गेला, त्या आकड्यांची) सरासरी, 0.05 च्या टप्प्यात पूर्णांकित केलेली. 125 हर्ट्झला काय होतं हे त्यात येतच नाही. तेव्हा आकड्याशेजारी बसवणीचा प्रकार लिहिलेला नसेल तर त्या आकड्याला फार मान देऊ नये.

कधीकधी हा आकडा 1 च्याही वर जातो. पडलेल्या आवाजापेक्षा जास्त आवाज शोषला, असा याचा अर्थ नव्हे. हिशोबात फक्त समोरचं क्षेत्रफळ धरतात, पण पॅनेलच्या उघड्या कडाही शोषतात आणि कडांजवळ आवाज वळून आत शिरतो. याचा व्यवहारात उपयोग असा, की सहा पॅनेल एकाला एक चिकटवून मोठा चौकोन करण्यापेक्षा तीच सहा अंतराअंतरावर लावली तर शोषण जास्त मिळतं.

किती पॅनेल लागतील याचं गणित वॉलेस सबाइन या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने घालून दिलं. 1895 मध्ये हार्वर्ड विद्यापीठातल्या फॉग संग्रहालयाच्या नव्या व्याख्यानगृहात वक्त्याचं बोलणं कळेनासं झालं होतं. एकदा उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद रेंगाळायचा, तोवर वक्ता पुढचं वाक्य संपवत आलेला असायचा. तिशीच्या आतल्या या प्राध्यापकाकडे ते दुरुस्त करायचं काम आलं. ऑर्गनची एक नळी, वेळ मोजायचं यंत्र आणि स्वतःचे कान एवढ्या सामग्रीवर तो रात्री, बाहेरची वर्दळ थांबल्यावर, मोजमापं घ्यायचा. जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या बैठकांच्या गाद्या उचलून आणायच्या, सभागृहात मांडायच्या, निनाद, म्हणजे आवाजाचं हे रेंगाळणं, किती कमी झाला ते नोंदवायचं, आणि सकाळपर्यंत गाद्या परत जागेवर. त्यातून निघालेलं सूत्र साधं आहे: निनादकाळ म्हणजे खोलीचं घनफळ गुणिले 0.161, भागिले एकूण शोषण. निनादकाळ म्हणजे आवाज 60 डेसिबलने खाली यायला लागणारा वेळ. शोषण मोजायचं उघड्या खिडकीच्या हिशोबाने, म्हणजे किती चौरस मीटर उघड्या खिडकीइतकं ते भरतं असं, कारण उघड्या खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही. 1900 मध्ये उघडलेल्या बॉस्टन सिम्फनी हॉलची रचना करताना हेच गणित वापरलं गेलं.

पाच मीटर लांब, चार मीटर रुंद, तीन मीटर उंच अशी रिकामी खोली घ्या. घनफळ 60 घनमीटर, सगळे पृष्ठभाग मिळून 94 चौरस मीटर. गुळगुळीत गिलावा आणि फरशी सरासरी 5 टक्के आवाज शोषतात असं धरलं तर एकूण शोषण 4.7 चौरस मीटर आणि निनादकाळ दोन सेकंदांच्या जरा वर. त्यात 80 टक्के शोषणारी दहा चौरस मीटर पॅनेल लावली की तो 0.8 सेकंदावर येतो. आणखी दहा चौरस मीटर लावली तर 0.5 वर. पहिल्या खेपेने सव्वा सेकंद कमी केला, तेवढ्याच खर्चाच्या दुसऱ्या खेपेने जेमतेम 0.3. खोलीच्या चारही भिंती मढवणाऱ्यांनी हा हिशोब आधी करावा.

जागा निवडताना समोरासमोरच्या भिंतींच्या जोड्या बघाव्यात. दोन्ही भिंती उघड्या राहिल्या तर टाळीचा आवाज त्यांच्यात खेपा घालत तडतडतो. जोडीतल्या एका भिंतीवर पॅनेल लागली तरी हा प्रकार थांबतो. बोलण्याच्या खोलीत ती बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीला असावीत. स्पीकर ऐकायची खोली असेल तर एकाने ऐकण्याच्या जागी बसावं, दुसऱ्याने भिंतीवरून आरसा सरकवत न्यावा आणि आरशात स्पीकर दिसेल तिथे खूण करावी. मधले आणि वरचे स्वर भिंतीवर आपटून पहिल्यांदा कानाकडे येतात ते तिथूनच. खोलीच्या कोपऱ्यात पॅनेल तिरकं लावलं तर मागे आपोआप खोल पोकळी मिळते, आणि खालचे स्वर कोपऱ्यांतच साचतात.

प्रत्यक्ष बसवणं अवघड नाही. 120 बाय 60 सेंटिमीटरचं, पाच सेंटिमीटर जाडीचं, घनमीटरला 48 किलो घनतेचं रॉकवूल पावणेदोन किलोच्या आत भरतं. लाकडी चौकट आणि कापड धरून त्याच्या दुप्पट समजा. दुतर्फी टेप एवढं वजन काही दिवस धरेल, मग रंगाच्या पापुद्र्यासकट खाली येईल. त्यापेक्षा ड्रिल करून गिट्टी बसवावी, स्क्रूने पाच सेंटिमीटर जाडीच्या लाकडी पट्ट्या आडव्या घट्ट कराव्यात आणि त्यांवर पॅनेल टांगावं. कडा झाकायच्या नाहीत. कापड तोंडाला लावून फुंकून बघावं: श्वास आरपार जात नसेल तर आवाजही जाणार नाही. याच कारणाने पॅनेलवर रंग मारू नये, छिद्रं बुजतात. अंड्यांचे ट्रे लावण्याची जुनी युक्ती तर सोडूनच द्यावी. इतका पातळ पुठ्ठा थोडेसे वरचे स्वर सोडले तर काहीच शोषत नाही, आणि पेटतो मात्र झटकन.

आगीचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. 20 फेब्रुवारी 2003 रोजी अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात ‘द स्टेशन’ नावाच्या नाइटक्लबमध्ये रंगमंचावरच्या आतषबाजीने भिंतीवरचा पॉलियुरेथेन फोम पेटला आणि 100 माणसं गेली. तो फोम आवाज कमी करण्यासाठीच लावलेला होता. ग्लासवूल आणि रॉकवूलचे तंतू जळत नाहीत, पण त्यावरचं कापड जळू शकतं. म्हणून अग्निचाचणीचा दाखला पूर्ण पॅनेलचा मागावा.

राहिला शेजाऱ्याचा प्रश्न, कारण निम्मे लोक पॅनेल त्यासाठीच घेतात. शेजारचा टीव्ही ऐकू येऊ नये म्हणून भिंतीवर लोकर लावणं व्यर्थ आहे. ज्यातून हवा जाते त्यातून आवाजही जातो. तो अडवायला वजन लागतं: एकेरी भिंतीचं वजन दुप्पट केलं तर साधारण 6 डेसिबलचा फरक पडतो, आणि दाराखालची फट तशीच राहिली तर तोही हातचा जातो. उलट दिशेने मात्र थोडा लाभ होतो. मघाच्या उदाहरणातल्या खोलीत पहिली दहा चौरस मीटर पॅनेल लावल्यावर शोषण 4.7 वरून 12.2 वर गेलं, त्यामुळे तुमच्याच आवाजाची खोलीतली पातळी सुमारे 4 डेसिबलने उतरते, आणि भिंतीपलीकडे पोचणारा आवाजही तेवढाच उतरतो.