उपप्रश्नाचा हक्क : विधिमंडळातल्या प्रश्नोत्तरांची पार्श्वभूमी, कोल्हापूरच्या अंगानं

अधिवेशन सुरू झालं की कोल्हापूरच्या वर्तमानपत्रांत ओळीनं बातम्या येऊ लागतात. पंचगंगेच्या प्रदूषणावर तारांकित प्रश्न (ज्याचं उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतो) लागला, महापुराच्या भरपाईवर लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणारी सूचना) लागली, शक्तिपीठ महामार्गावरून सरकारला धारेवर धरलं, मंत्र्यांनी चौकशीचं आश्वासन दिलं. बहुतेक बातम्या या आश्वासनापाशी थांबतात. मंत्र्याचं उत्तर आल्यावर आमदार उठून पुन्हा काय विचारतो आणि त्यावर मंत्री काय बोलतो, हे फार कमी छापून येतं. वास्तविक आपल्याकडच्या प्रश्नोत्तरांचा इतिहास हा त्या दुसऱ्या प्रश्नाचा, म्हणजे उपप्रश्नाचा इतिहास आहे. पहिला प्रश्न विचारायची मुभा इंग्रज सरकारनं १८९२ मध्ये दिली. त्याच सदस्याला दुसरा प्रश्न विचारू द्यायला आणखी सतरा वर्षं लावली.

तारांकित प्रश्नाची छापील यादी ज्यांनी पाहिली आहे त्यांना त्याचा साचा पाठ असतो. सदस्याचं नाव, कंसात मतदारसंघ, आणि मग ‘सन्माननीय पर्यावरण मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय’. पहिला भाग : पंचगंगा नदीत प्रक्रिया न केलेले सांडपाणी सोडण्यात येत आहे, हे खरे आहे काय. दुसरा : असल्यास, याप्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय. तिसरा : असल्यास, चौकशीत काय आढळून आले. आणि शेवटी : नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत. समोरच्या बाजूला मंत्र्याचं उत्तर. ‘अंशतः खरे आहे’ किंवा ‘हे खरे नाही’. पहिल्या भागाला नकार आला, की खालच्या सगळ्या भागांसमोर एकच वाक्य येतं : ‘प्रश्न उद्भवत नाही.’

हे उत्तर मंत्री स्वतः लिहीत नाही. प्रश्न मंत्रालयातल्या कक्षाकडून जिल्ह्यात येतो. कधी तो नागाळा पार्कातल्या जिल्हाधिकारी कार्यालयात येतो, कधी जिल्हा परिषदेत, कधी प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या इथल्या कार्यालयात. ‘एलएक्यू आलाय’, म्हणजे विधानसभेचा प्रश्न आलाय, म्हटलं की त्या टेबलावरची बाकीची कामं बाजूला सरतात, जुनी फाईल वर येते, तालुक्याला फोन जातात. एवढ्यासाठीसुद्धा प्रश्नाचं मोल मोठं आहे. सभागृहात तो प्रश्न पुकारला गेला नाही तरी एका खात्याला निदान एकदा आपलंच दप्तर उघडून बघावं लागतं. पण ‘प्रश्न उद्भवत नाही’ हे वाक्य ओलांडून पुढं जायचं, तर सभागृहात उभं राहून उपप्रश्नच विचारावा लागतो.

हा हक्क कसा मिळत गेला, ते पाहू. १८६१ च्या कायद्यानं मुंबई इलाख्याला कायदेमंडळ मिळालं आणि २२ जानेवारी १८६२ रोजी टाऊन हॉलमध्ये त्याची पहिली बैठक झाली. सदस्य सरकारनं नेमलेले. पुढ्यात आलेल्या विधेयकावर बोलायचं, एवढंच त्यांचं काम. सरकारला प्रश्न विचारायची सोयच नव्हती. १८९२ च्या सुधारणेनं दोन गोष्टी दिल्या : आगाऊ सूचना देऊन प्रश्न विचारणं आणि अंदाजपत्रकावर चर्चा करणं. दोन्हींना कुंपण होतं. अध्यक्षाला कारण न देता प्रश्न नाकारता येई, आलेल्या उत्तरावर पुन्हा काही विचारता येत नसे, आणि अंदाजपत्रकावर कितीही बोललं तरी मतदान नव्हतं.

या कुंपणात राहून सरकारला हिशोब द्यायला लावणारा जो माणूस पुढं आला, त्याचं शिक्षण आपल्या जिल्ह्यात झालं होतं. गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म १८६६ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूकचा. वडील कागल जहागिरीत नोकरीला होते, म्हणून बालपण कागलला गेलं. पुढच्या शिक्षणासाठी ते कोल्हापुरात आले. १८८१ मध्ये मॅट्रिक होऊन नव्यानंच सुरू झालेल्या राजाराम कॉलेजात दाखल झाले आणि नंतर पुण्या-मुंबईला गेले. थोरल्या भावानं स्वतःचं शिकणं सोडून नोकरी धरली होती, तेव्हा कुठं हे शिक्षण पुरं झालं. पुढं या माणसानं सरकारी तिजोरीतल्या एकेका रुपयाचा जाब मागितला, त्यामागं हे घर आहे असं मला नेहमी वाटतं.

गोखले १८९९ मध्ये मुंबई कायदेमंडळात गेले. १९०१ मध्ये जमीन महसुलाच्या कायद्यातली दुरुस्ती सरकार रेटून नेऊ लागलं, तेव्हा फिरोजशहा मेहतांसह जे सदस्य सभागृहातून उठून गेले, त्यांत गोखलेही होते. १९०२ मध्ये ते केंद्रीय कायदेमंडळात पोहोचले. २६ मार्च १९०२ चं त्यांचं अंदाजपत्रकावरचं पहिलं भाषण आजही प्रत्येक नव्या आमदारानं वाचावं असं आहे. दुष्काळानं देश पिचलेला असताना सरकार शिलकी अंदाजपत्रक मांडून स्वतःची पाठ थोपटून घेत होतं. गोखल्यांनी सरकारचेच आकडे घेऊन दाखवलं, की ही शिल्लक भरभराटीची नाही. लोकांकडून गरजेपेक्षा जास्त कर वसूल केल्याची ती खूण आहे. मतदान नव्हतं, त्यामुळं हरवायला काही नव्हतं आणि जिंकायलाही नव्हतं. तरी ते दर वर्षी उभे राहिले, दर वर्षी मिठावरच्या कराकडे बोट दाखवत राहिले. मणामागं अडीच रुपये असलेला हा कर १९०३ मध्ये दोन रुपये झाला, १९०५ मध्ये दीड आणि १९०७ मध्ये एक रुपया. एकट्या गोखल्यांमुळं हे झालं असं कुणी म्हणणार नाही, पण ही मागणी त्यांनी एकदाही सुटू दिली नाही. उपप्रश्नाचा हक्क नसलेल्या सभागृहात दर वर्षीचं भाषण हाच त्यांचा उपप्रश्न होता.

१९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी ज्यानं मूळ प्रश्न विचारला त्याला उपप्रश्नाची परवानगी दिली. १९१९ च्या कायद्यानंतर ती सगळ्या सदस्यांना मिळाली आणि काही खाती कायदेमंडळाला उत्तर देणाऱ्या मंत्र्यांकडे आली. आज सभागृहात एका आमदाराच्या प्रश्नावर चार मतदारसंघांतले आमदार उठतात, त्याचं मूळ या बदलात आहे. पंचगंगेचा प्रश्न करवीरच्या आमदाराचा असतो, पण शिरोळ आणि इचलकरंजीचे आमदारही त्यावर विचारू शकतात. नदी तर खालच्या अंगाला तिकडंच जाते.

पण हे सगळं ब्रिटिश मुलखातलं. कोल्हापूर संस्थान होतं. मुंबईच्या कायदेमंडळाला कोल्हापूरच्या खजिन्याबद्दल विचारता येत नव्हतं आणि कोल्हापुरात दरबाराला विचारणारं सभागृह नव्हतं. १८९४ ते १९२२ या काळात शाहू महाराजांनी जे केलं ते ब्रिटिश इलाख्यालाही जमलं नव्हतं : २६ जुलै १९०२ चा पन्नास टक्के राखीव जागांचा हुकूम, सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण, वसतिगृहं, राधानगरीचं धरण. रयतेचं गाऱ्हाणं ते थेट ऐकून घेत. पण हे राजाच्या मनाचं मोठेपण होतं. मन मोठं नसेल तर विचारणार कोण, याला त्या व्यवस्थेत उत्तर नव्हतं, आणि हा मुद्दा महाराजांच्या पश्चात लोकांना जाणवू लागला.

त्या काळात एक माणूस दोन्ही बाजूंना उभा राहिला. कुरुंदवाडचे अण्णासाहेब लठ्ठे १९२० च्या दशकात कोल्हापूरचे दिवाण झाले. दिवाण म्हणून ते छत्रपतींना आणि पलीकडं इंग्रज रेसिडेंटला उत्तर द्यायला बांधलेले होते. १९३७ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ आलं आणि हेच लठ्ठे अर्थमंत्री झाले. अध्यक्षस्थानी गणेश वासुदेव मावळंकर, समोर निवडून आलेले सदस्य, आणि प्रत्येक मागणीवर मतदान. कोल्हापूरच्या हिशोबाबद्दल ज्यांना रयतेतलं कुणी सभागृहात उभं राहून विचारू शकलं नव्हतं, त्यांना आता इलाख्याच्या हिशोबाबद्दल विरोधी बाकांवरचा कुणीही विचारू शकत होता. व्यवस्था बदलली की त्याच माणसाचं काम कसं बदलतं, हे इतकं स्पष्ट दाखवणारं दुसरं उदाहरण आपल्या भागात नाही.

पंचगंगेच्या काठच्या शेतकऱ्यांना मात्र हा हक्क १९३७ मध्ये मिळाला नाही. १९३९ मध्ये माधवराव बागल, रत्नाप्पा कुंभार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रजा परिषद उभी केली. शेतसारा कमी करा ही मागणी होतीच, पण तिच्या बरोबरीनं जबाबदार राज्यपद्धतीची मागणी होती. सारा कमी होणं हे एका वर्षाचं काम. सारा कुणी, कशासाठी लावला हे दर वर्षी विचारता येणं, ही कायमची सोय. तुरुंगवास, भूमिगत दिवस हे सगळं या सोयीसाठी सोसलं गेलं. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर मुंबई राज्यात विलीन झालं. रत्नाप्पा कुंभार संविधान सभेत होते. त्या संविधानाच्या १६४ व्या कलमानं मंत्रिमंडळाला विधानसभेला सामूहिकरीत्या जबाबदार धरलं आणि २०३ व्या कलमानं खर्चाच्या मागण्या सभागृहाच्या मताला घातल्या. भारित खर्च, म्हणजे ज्यावर सभागृहाचं मत घेतलं जात नाही तो, सोडला तर सरकारचा पैसा आता आमदारांच्या मतावाचून खर्च होत नाही.

या हक्काचं बळ देशाला लवकरच कळलं. १९५७ मध्ये आयुर्विमा महामंडळानं हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांत सव्वा कोटीच्या आसपास रक्कम गुंतवल्याचा विषय लोकसभेत प्रश्नातूनच वर आला. पहिल्या उत्तरानं समाधान झालं नाही, म्हणून फिरोज गांधींनी तो सोडला नाही. चौकशी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्याकडे गेली, तीही उघड, लोकांसमोर. फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी यांना राजीनामा द्यावा लागला. विचारणारा सत्ताधारी पक्षाचाच खासदार होता, हे आज मुद्दाम आठवायला हवं.

कोल्हापुरात प्रश्न म्हटला की प्रा. एन. डी. पाटील आठवतात. जन्म वाळवा तालुक्यातला, कर्मभूमी कोल्हापूर. १९६० पासून विधान परिषदेत, १९७८ ते १९८० सहकार मंत्री, १९८५ ते १९९० कोल्हापूरचे आमदार. म्हणजे विचारणं, उत्तर देणं आणि पुन्हा विचारणं, हे तिन्ही त्यांनी केलं. कागद वाचल्याशिवाय ते बोलत नसत. शहरातल्या रस्त्यांसाठी टोल लागला, तेव्हा गोविंद पानसरे यांच्यासह त्यांनी जे आंदोलन चालवलं, त्याचा गाभा हिशोबाचाच होता : रस्त्यांवर खरोखर किती खर्च झाला, काम कसं झालं, मूल्यांकन कुणी केलं. हे प्रश्न सभागृहात विचारून सुटले नाहीत, म्हणून रस्त्यावर विचारले गेले. २०१५ च्या अखेरीस सरकारनं टोल रद्द केल्याचं जाहीर केलं. ते पाहायला पानसरे नव्हते. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्यांची हत्या झाली होती.

या शहराला समोरासमोर जाब विचारायची सवय आहे. ‘बिंदू चौकात या’ हे आव्हान इथला प्रत्येक पुढारी कधी ना कधी देतो. ज्या चौकात ९ डिसेंबर १९५० रोजी माधवराव बागलांनी महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकरांचे पुतळे बसवले, तोच हा चौक. पण चौकातल्या सभेत मंत्र्याला खोटं बोलल्याबद्दल हक्कभंग लागत नाही. सभागृहात लागू शकतो.

आयुधं तशी बरीच आहेत : तारांकित, अतारांकित, अल्पसूचना, लक्षवेधी, अर्धा तास चर्चा, कपात सूचना, विधानसभेत नियम २९३ खालची चर्चा. नावं मोजत बसण्यात अर्थ नाही. दोनच सांगतो. उत्तर अपुरं असेल तर अध्यक्ष प्रश्न राखून ठेवू शकतात, आणि मंत्र्याला तयारी करून पुन्हा यावं लागतं. तसंच सभागृहात मंत्री ‘चौकशी करू’ म्हणाला, तर ते आश्वासन म्हणून नोंदलं जातं आणि आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते. विधिमंडळाच्या अशाच दुसऱ्या एका समितीचा, पंचायत राज समितीचा, दौरा लागला की जिल्हा परिषदेत काय धावपळ होते, हे इथल्या कुठल्याही कर्मचाऱ्याला विचारा.

अडचण आहे ती वेळेची. प्रश्नोत्तरांचा तास गदारोळात गेला, तर त्या दिवसाचे उपप्रश्न कायमचे गेले. लेखी उत्तर पटलावर येतं आणि ‘प्रश्न उद्भवत नाही’ला आव्हान द्यायला कुणी उरत नाही. २०२० च्या सप्टेंबरात कोरोनाचं कारण देऊन संसदेनं प्रश्नोत्तरांचा तासच वगळला, लेखी उत्तरं तेवढी ठेवली. तेव्हा कापला गेला तो नेमका उपप्रश्न. राज्यात २०२४ च्या पावसाळी अधिवेशनात सुमारे ९५ हजार कोटींच्या पुरवणी मागण्या, म्हणजे अंदाजपत्रकाबाहेरच्या जादा खर्चाच्या मागण्या, आल्या. एवढ्या रकमेवर दोन आठवड्यांच्या अधिवेशनात कुणी कसून विचारायचं? त्याच वर्षीच्या निवडणुकीनंतर विधानसभेतलं विरोधी पक्षनेतेपद बराच काळ रिकामं राहिलं. मला ही गोष्ट फार गंभीर वाटते. काळम्मावाडी धरणाच्या थेट पाईपलाईनचं पाणी कोल्हापूर शहरात यायला २०२३ ची दिवाळी उजाडली. इचलकरंजीत २०१२ मध्ये काविळीच्या साथीनं माणसं गेली, तरी पंचगंगेवरचा तारांकित प्रश्न पुन्हा पुन्हा लागतोच आहे. अशा विषयांना एका अधिवेशनाचा नव्हे, वर्षानुवर्षांचा पाठपुरावा लागतो, आणि तो करणाऱ्या माणसाला सभागृहात वेळ मिळावा लागतो.

२००५ च्या माहिती अधिकार कायद्यानं हा पाठपुरावा सभागृहाबाहेरच्या माणसालाही शक्य केला. त्याच्या आठव्या कलमात, खासगी माहितीच्या अपवादाखाली, एक तरतूद होती : जी माहिती संसदेला किंवा राज्य विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कुणाही व्यक्तीला नाकारता येणार नाही. आमदाराचा हक्क आणि कागलच्या शेतकऱ्याचा हक्क या एका वाक्यानं सारखा केला होता. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं तो अपवाद नव्यानं लिहिला. नव्या मजकुरात हे वाक्य नाही.