भास की भ्रम? 'शटर आयलंड'मधला पाण्याचा ग्लास

(शेवट सांगून टाकणार आहे. सिनेमा पाहिला नसेल तर आधी पाहून या.)

'शटर आयलंड'चा विषय निघाला की 'त्या हिरोला भास होत असतात' असं म्हणून लोक मोकळे होतात. भास होतात, खरंय. पण त्याचं खरं दुखणं भ्रमाचं आहे. मराठीत आपण हे दोन्ही शब्द कसेही वापरतो, त्यामुळे गल्लत होते.

भास म्हणजे समोर काहीच नसताना दिसणं किंवा ऐकू येणं. घरचे डॉक्टरांना सांगतात ना, 'याच्या कानात आवाज येतात', तो भास. अंधारात दोरीचा साप दिसला तर तो यात मोडत नाही. तिथे निदान दोरी तरी असते. भ्रमाचा डोळ्या-कानांशी संबंध असायलाच हवा असं नाही. ती समजूत असते: चुकीची, पण पक्की. भ्रमाचा भोपळा फुटला असं आपण सहज म्हणतो. मनोविकारातला भोपळा पुराव्याने फुटत नाही, हीच त्याची खूण.

मार्टिन स्कोर्सेसीच्या या २०१० च्या सिनेमात काळ आहे १९५४ चा. बॉस्टनजवळच्या बेटावर गुन्हेगार मनोरुग्णांचं इस्पितळ. तिथून गायब झालेल्या बाईला शोधायला मार्शल, म्हणजे अमेरिकेचा केंद्रीय पोलीस अधिकारी, टेडी (लिओनार्डो डिकॅप्रिओ) येतो. गुहेत शेकोटीपाशी त्याच्याशी बोलणारी डॉक्टरीणबाई, दीपगृहात दिसणारी मेलेली बायको, हे भास. (मिठीत राख होणारी बायको स्वप्नातली, ती यात धरू नका.) पण 'मी मार्शल आहे आणि बायकोला आगीत मारणारा लेडिस इथेच लपलाय', हा भ्रम. लेडिस म्हणजे तो स्वतःच, याच इस्पितळातला रुग्ण. बायकोने तिन्ही मुलांना तळ्यात बुडवलं, आणि त्याने तिला गोळी घातली.

बेटावर पिस्तूल जमा करताना तपासाला सोबत आलेल्या त्याच्या जोडीदाराला होल्स्टर (पिस्तुलाचं म्यान) धड काढता येत नाही. मार्शलला हे जमू नये? टेडीच्या मनात शंकाही येत नाही. भ्रम असाच पुरावे गिळतो.

आता तो ग्लास. चौकशीत एक रुग्ण बाई पाणी मागते. ती पिते तेव्हा हात रिकामा, ग्लास दिसतच नाही. पुढच्याच क्षणी ती ग्लास टेबलावर ठेवते. हा उलटा भास: असलेलं न दिसणं. मुलं पाण्यात गेली, म्हणून त्याच्या डोळ्यांनी पाणीच पुसून टाकलं, असं मी मानतो.

इस्पितळाचे प्रमुख डॉ. कॉली (बेन किंग्जली) हा भ्रम मोडायला सगळं इस्पितळ या तपासाच्या नाटकात उतरवतात. त्याला दोन वर्षं क्लोरप्रोमाझिन हे मनोविकारावरचं औषध चालू होतं म्हणतात. अमेरिकेत ते औषध १९५४ मध्येच मंजूर झालं, पण असो. नाटक फसतं, मेंदूवरच्या शस्त्रक्रियेची तयारी होते. पायरीवर बसून टेडी विचारतो, राक्षस म्हणून जगणं वाईट की भला माणूस म्हणून मरणं? भ्रमात असलेल्याला हा प्रश्न पडेल? तो उठून चालू लागतो. तो जोडीदार, म्हणजे खरं तर त्याचा डॉक्टर, मागून हाक मारतो, 'टेडी?' तो वळून बघत नाही.