कैगाचा वारा आणि खानापूरचं दूध

‘कैगात काही झालं तर आपण कुठं पळायचं?’ बेळगाव जिल्ह्यात खानापूर-लोंढ्याकडे हा प्रश्न अधूनमधून निघतो. बहुधा कुठंच नाही, हे त्याचं उत्तर. आपल्या वाट्याला येईल ते काम वेगळं आहे आणि त्याची चर्चा फारशी होत नाही.

कैगा अणुवीज केंद्र उत्तर कन्नड जिल्ह्यात, काळी नदीच्या काठी. २२० मेगावॉटच्या चार अणुभट्ट्या. सरळ रेषेत लोंढा साधारण ६५ किलोमीटर, खानापूर ८५, बेळगाव शहर ११०. भारतात अणुकेंद्राभोवती आपत्कालीन नियोजनाचं वर्तुळ १६ किलोमीटरचं धरलं जातं. दारं-खिडक्या लावून घरात थांबा, आयोडीनची गोळी घ्या, गाव सोडा, असे निर्णय मुख्यतः या वर्तुळातले.

हे निर्णय घेतं कोण? बिघाड आवारापुरता असेल तोवर सूत्रं अणुकेंद्राच्या अधिकाऱ्यांकडे. किरणोत्सारी द्रव्य कुंपणाबाहेर जाण्याची शक्यता दिसली की ती जिल्हाधिकाऱ्यांकडे, म्हणजे इथं कारवारच्या डीसींकडे जातात. अणुतज्ज्ञ मोजमाप करतात, सल्ला देतात. गाव हलवण्याचा हुकूम मात्र प्रशासनाचा. हे रास्तच आहे. बसगाड्या, पोलीस, सरकारी दवाखाने आणि शाळांच्या इमारती शास्त्रज्ञांच्या हाती नसतात.

पहिला हुकूम काढताना किरणोत्सार मोजणाऱ्या मीटरवरचे आकडे चढण्याची वाट पाहायची नसते. अणुभट्टीच्या गाभ्याला थंड करणारं पाणी मिळतंय का, भट्टीभोवतीचं काँक्रीटचं कवच शाबूत आहे का, यावरून पुढच्या काही तासांचा अंदाज बांधतात आणि तेवढ्यावर निर्णय घेतात. जपानच्या फुकुशिमा अणुकेंद्रात भूकंप-त्सुनामीनंतर बिघाड झाला, तेव्हा ११ मार्च २०११च्या रात्री आधी २ किलोमीटर, मग अर्ध्या तासात ३, पहाटे १० आणि दुसऱ्या संध्याकाळी २० किलोमीटरपर्यंतची गावं रिकामी करण्याचे आदेश निघाले. एकाच कुटुंबाला दोन-तीनदा बिऱ्हाड हलवावं लागलं. सगळ्या यंत्रणांनी एकत्र बसायचं म्हणून केंद्रापासून ५ किलोमीटरवर खास इमारत बांधलेली होती. भूकंपाने तिथली वीज आणि फोन गेले, बाहेरची दूषित हवा गाळण्याची सोय नव्हती, शेवटी अधिकाऱ्यांनाच ती सोडून फुकुशिमा शहरात जावं लागलं. घाईघाईत हलवलेल्या रुग्णालयांतले आणि वृद्धाश्रमांतले सुमारे ५० वृद्ध दगावले. किरणोत्साराने नव्हे, हाल, थंडी आणि तुटलेले उपचार यांनी. सरसकट ‘पळा’ म्हणणं किती महाग पडतं ते इथं दिसतं.

आता आपला भाग. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या मार्गदर्शनात कैगाएवढ्या अणुभट्टीसाठी आणखी एक मोठं वर्तुळ सुचवलं आहे, १०० किलोमीटरचं. तिथं माणसं हलवायची नसतात, अन्न सांभाळायचं असतं. खानापूर त्यात येतं. (रत्नागिरी जिल्ह्यातल्या जैतापूरच्या नियोजित अणुभट्ट्या याहून कितीतरी मोठ्या, त्यांच्यासाठी हेच अंतर ३०० किलोमीटर होतं, म्हणजे अख्खं बेळगाव आत.)

धोका दुधाचा. गळतीतलं किरणोत्सारी आयोडीन-१३१ गवतावर बसतं. जनावर दिवसभरात बरंच रान चरतं, त्यामुळे पसरलेलं आयोडीन त्याच्या पोटात एकत्र होतं आणि दोन-तीन दिवसांत दुधात भरपूर उतरतं. ते पिणाऱ्या लहान मुलाच्या गळ्यातली थायरॉईड ग्रंथी ते ओढून घेते. १९५७ साली इंग्लंडमध्ये विंडस्केलच्या अणुभट्टीला आग लागली तेव्हा सुमारे ५०० चौरस किलोमीटरमधलं दूध ओतून दिलं गेलं. १९८६ मध्ये सोव्हिएत संघातल्या चेर्नोबिल अणुकेंद्रातल्या स्फोटानंतर तशी बंदी वेळेवर आली नाही. तेव्हा मुलं किंवा किशोर असलेल्यांमध्ये २००५ पर्यंत थायरॉईड कर्करोगाचे ६ हजारांवर रुग्ण आढळले. त्यांतल्या बऱ्याच जणांच्या आजाराचं मूळ त्या दुधात होतं.

कैगाची भट्टी चेर्नोबिलच्या जातीची नाही, तिला दुहेरी कवच आहे. तरी दुधाची तयारी हवीच, कारण ती स्वस्त आहे. जनावरं गोठ्यात बांधायची, झाकून ठेवलेल्या गंजीतला कडबा आणि पेंड घालायची, आडावर झाकण टाकायचं. कडबा रचून ठेवणाऱ्या शेतकऱ्याला हे जमेल. जंगलात म्हशी चारणाऱ्या धनगर गवळ्यांचं काय, हे आधी ठरवावं लागेल. आयोडीन-१३१ दर ८ दिवसांनी निम्मं होतं, तेव्हा दूध टाकून देण्याऐवजी त्याची भुकटी करून दोन-तीन महिने बाजूला ठेवली तर ते जवळजवळ संपतं.

पावसाळ्यात गणित बिघडतं. वारा नैर्ऋत्येकडून म्हणजे समुद्रावरून घाटाकडे येतो आणि पाऊस हवेतलं द्रव्य ठिकठिकाणी, ठिपक्याठिपक्यांनी खाली उतरवतो. कागदावरची गोल वर्तुळं तेव्हा फक्त सुरुवातीपुरती. शिवाय वैरण हिरवी, जनावरं रानात. आणि रस्ते? २०१९च्या ऑगस्टमध्ये पुराने कोल्हापूरजवळ महामार्ग बंद पडला होता, तेव्हा दुधाच्या टँकरचे झालेले हाल आठवा.

सीमाभागातलं दूध दोन्ही राज्यांतल्या संघांकडे जातं, बेळगावची भाजी चोर्ला घाटाने रोज गोव्यात उतरते. बंदी एकाच राज्याने घातली तर कॅन पलीकडच्या डेअरीत जाईल. म्हणून दूध कुठल्या पातळीला थांबवायचं, तो आकडा बेंगळुरू, मुंबई आणि पणजीत एकच हवा. आणि निरोप खानापूरच्या वाडीवर कन्नडबरोबर मराठीतही पोचायला हवा, मोबाईलवर आणि ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरही. यात राजकारण आणण्याचं कारण नाही. धार काढायच्या आधी निरोप कळायला हवा, एवढंच.

बंदी उठवणं हे घालण्याहून चिवट काम. त्यासाठी दुधाचे, चाऱ्याचे नमुने पुन्हा पुन्हा तपासावे लागतात. आयोडीन लवकर संपतं, पण गळतीतलंच दुसरं किरणोत्सारी द्रव्य, सीझियम-१३७, निम्मं व्हायला ३० वर्षं लागतात. चेर्नोबिलच्या पावसामुळे दूरवरच्या वेल्समध्ये मेंढ्यांवर आलेले निर्बंध पूर्ण उठायला २०१२ साल उजाडलं.