खाली बॅजर, वर कोयोट

शेतातले उंदराचे बीळ उकरायला बसलेला माणूस कुदळ मारण्याआधी आजूबाजूला फिरून बिळाची बाकीची तोंडे शोधतो आणि ती ओल्या मातीने किंवा दगडाने बुजवतो. तसे केले नाही, तर आपण एका तोंडाशी घाम गाळत असतो आणि उंदीर दहा हातांवरच्या दुसऱ्या तोंडातून निघून बांधाच्या गवतात केव्हाच दिसेनासा झालेला असतो. उत्तर अमेरिकेच्या उघड्या माळरानांवर बिळातल्या खारींवर जगणाऱ्या बॅजरपुढे नेमकी हीच अडचण असते. तिच्यावर निघालेला एक तोडगा प्राण्यांच्या वर्तनातील मला ठाऊक असलेल्या सर्वांत सुंदर गोष्टींपैकी आहे, कारण त्यात बॅजरसाठी बिळाचे दुसरे तोंड अडवून धरतो तो त्याच खारींचा दुसरा शिकारी, कोयोट.

अमेरिकन बॅजर हा सात-आठ किलो वजनाचा, चपट्या अंगाचा आणि आखूड पायांचा प्राणी आहे. त्याच्या पुढच्या पंजांची नखे चार-पाच सेंटीमीटर लांब असतात, आणि माती उडत असताना डोळ्यांवर ओढून घेण्यासाठी त्याला एक जादा पारदर्शक पापणी असते. तो पुढच्या पायांनी माती सैल करतो, ती पोटाखालून मागे सारतो आणि पाहता पाहता जमिनीत शिरून नाहीसा होतो. धावण्यात मात्र त्याला गती नाही. कोयोटचे नेमके उलट आहे. लांडग्याच्या कुळातला, आपल्या कोल्ह्याहून थोडा मोठा असा हा प्राणी दबा धरण्यात पटाईत आहे आणि ताशी साठ किलोमीटरच्या आसपास वेग गाठू शकतो, पण खार एकदा बिळात गेली की त्याला तिथून बहुधा हात हलवत परतावे लागते.

आता त्या खारीच्या बाजूने विचार करून पाहावा. ही आपल्या अंगणातली झाडावर चढणारी खार नव्हे, तर अनेक तोंडांचे बीळ खणून जमिनीत राहणारी आहे. वरून कोयोट आला तर खाली जायचे आणि खालून बॅजर आला तर वर निघायचे, हे तिचे दोन्ही बचाव एकेकट्या शत्रूपुढे उत्तम चालतात. मात्र दोन्ही शत्रू एकाच वेळी आले की प्रत्येक बचाव दुसऱ्याच्या तोंडी नेणारा ठरतो. बॅजर उकरू लागला की ती वर पळते, तर तिथे कोयोट कान टवकारून उभा असतो. आणि कोयोटची चाहूल लागून ती आतच थांबली, तर खणणारे पंजे जवळ येत राहतात.

वायोमिंग राज्यातील जॅक्सन होल परिसरातल्या नॅशनल एल्क रेफ्यूज या अभयारण्यात स्टीव्हन मिंटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या जोड्यांचे बारकाईने निरीक्षण केले आणि 1992 साली ते प्रसिद्ध केले. तिथले भक्ष्य म्हणजे युइंटा जातीची खार. बॅजरसोबत फिरणाऱ्या कोयोटना एकट्या कोयोटपेक्षा सुमारे एक तृतीयांश जास्त खारी मिळत होत्या. दहापैकी सुमारे नऊ वेळा एका बॅजरसोबत एकच कोयोट असे. बॅजरचा लाभ मोजणे अवघड होते, कारण तो जमिनीखाली काय पकडून खातो ते वरून दिसत नाही. परंतु सोबत कोयोट असताना तो या बिळातून त्या बिळाकडे कमी भटकत होता आणि जमिनीखाली अधिक वेळ घालवत होता. कोयोटच्या भीतीने खारी आतच राहत असतील, तर असेच घडायला हवे.

याला मैत्री म्हणावे का, हा प्रश्न वाचकांच्या मनात येणारच. जो पकडतो तोच खातो. शिकारीची वाटणी होत नाही, आणि कोयोटने बॅजरला मारल्याच्याही नोंदी आहेत. तरीही ती निव्वळ योगायोगाने झालेली गाठ नाही. कॅलिफोर्नियात महामार्गाखालच्या एका नळीवाटेत लावलेल्या स्वयंचलित कॅमेऱ्याने टिपलेले आणि फेब्रुवारी 2020 मध्ये जगभर पाहिले गेलेले काही सेकंदांचे दृश्य आठवावे. त्यात कोयोट वाटेच्या तोंडाशी थांबतो, शेपूट हलवत पुढच्या पायांवर झुकून उडी मारतो आणि मागून डुलत येणारा बॅजर आल्यावरच दोघे आत चालू लागतात. कलहारीच्या वाळवंटात आपल्या चांदी अस्वलाचेच (नावात अस्वल असले तरी हा बॅजरसारखा खणणारा प्राणी आहे) आफ्रिकी भाऊबंद उंदीर उकरतात, तेव्हा शिक्रा-ससाण्यांच्या कुळातला एक पक्षी आणि कोल्हे त्यांच्या मागे फिरून निसटलेले उंदीर टिपतात. पण तिथे खणणाऱ्याच्या पदरात काही पडताना दिसत नाही. म्हणूनच वायोमिंगमधल्या दुहेरी लाभाचे मोल मला जास्त वाटते.

एकट्या बॅजरलाही दुसऱ्या तोंडाचे महत्त्व कळते, हे कॅनडातील आल्बर्टा प्रांतात गेल मिशेनर यांनी दाखवून दिले. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निरीक्षणांत बॅजर खारींच्या बिळांची तोंडे मातीने बुजवताना आढळले. त्यांतल्या एकाने तर मातीवर न थांबता आसपासच्या 37 वस्तू ओढून आणून 23 बोगद्यांची तोंडे बंद केली होती. आपला शेतकरी ओल्या मातीच्या गोळ्याने करतो तेच हे काम आहे.

हिवाळ्यात ही जोडी फारशी दिसत नाही. युइंटा खारी वर्षातला मोठा काळ शीतनिद्रेत काढतात, आणि तेव्हा बॅजर त्यांना झोपलेल्या जागीच उकरून काढतो. गाढ झोपेतली खार दुसऱ्या तोंडाकडे धावत नाही, त्यामुळे बर्फाच्या दिवसांत तिथे कोयोटने उभे राहून दोघांपैकी कुणालाच काही मिळत नाही.